रबराचा हात

साडेसातशे पौंड.
म्हणजे हॅडॉकचे किती तुकडे, हा हिशेब
माझ्या मनगटाला तोंडपाठ आहे.
ग्रिम्सबीची गोदी, पहाटे पाचची पाळी,
बर्फाचा चुरा, आणि पट्ट्यावरून
एकामागून एक येणारी उघडी पोटं.
अकरा वर्षं.

पत्रक विल्माने आणलं, कँटीनच्या टेबलावर
चहाच्या ओल्या गोलावर ठेवलं.
रक्त काढायला शिका. तीन दिवसांत.
एक दिवस वर्गात, दोन घरबसल्या पडद्यावर.
फोटोतली मुलगी निळ्या गणवेशात हसते आहे.
तिच्या हातात नळी आहे, नळीत रक्त आहे,
आणि ज्याचं रक्त आहे तो माणूस
फोटोच्या बाहेर कापला गेलाय.

"तुझा हात बघ, दाइवा," विल्मा म्हणाली,
"काटा असा काढतेस की माशालाही कळू नये."
माशाला कळत नाही, कारण मासा मेलेला असतो.
हे मी तिला म्हटलं नाही.

रात्री उग्ने झोपल्यावर बारीक अक्षरं वाचली.
माझं इंग्रजी तिथे अडखळतं,
सुरीचं पातं कल्ल्याच्या हाडापाशी अडखळावं तसं.
सराव: रबराच्या हातावर.
प्रमाणपत्र: मिळेल.
नोकरीबद्दल एक लांब वाक्य होतं,
त्यात "संधी" हा शब्द तीनदा
आणि "देऊ" एकदाही नाही.

मग इस्पितळात फोन. अठरा मिनिटं संगीत.
मग सर्दीने बसलेला एक आवाज, ग्लेनिस नावाचा.
"खरं सांगू?" ती म्हणाली,
आणि तिच्या बाजूला दार लावल्याचं ऐकू आलं.
"कागद आम्ही बघतो. बघून बाजूला ठेवतो.
आम्ही विचारतो, किती हात?
खरे हात. म्हाताऱ्यांचे, शिरा पळणाऱ्यांचे,
सुई दिसताच रडणाऱ्यांचे.
आमच्यात लागलीस तर आम्हीच शिकवतो, फुकट."
"मग लागायचं कसं?"
"अनुभव हवा."
थोडा वेळ दोघी गप्प.
कुत्रं स्वतःच्याच शेपटीमागे फिरतंय
हे दोघींनाही दिसत असावं.
"शनिवारी वॉर्डात चहाची गाडी ढकलायला
माणसं लागतात," ती शेवटी म्हणाली.
"पैसे मिळत नाहीत."
निदान द्यावे तरी लागत नाहीत.

पैसे आहेत. नाहीत असं नाही.
बिस्किटांच्या डब्यात, आईच्या दातांसाठी.
शिलुतेहून ती म्हणते, घे ते,
सूप काही चावावं लागत नाही.

उग्नेच्या वेळी माझी शीर सापडेना.
एका पोराने तीनदा टोचलं,
तिन्ही वेळा माफी मागितली,
ती हाताची, माझी नव्हे.
मग एक जाडशी नर्स आली.
तिने हाताकडे पाहिलंच नाही,
खिडकीबाहेर बघत दोन बोटांनी तो ऐकला,
म्हणाली, ही काय, लपून बसली होती.
टोचल्याचं कळलं नाही.
मी मेलेली नव्हते,
तरी कळलं नाही.
ती कुठे शिकली, विचारायचं राहिलं.

आज बुधवार. नोंदणी शुक्रवारी बंद.
पत्रक फाडलं नाही, भरलंही नाही,
फ्रीजवर चुंबकाखाली आहे.
मी स्वयंपाकघरात, गाऊनचा पट्टा दंडाला बांधून,
गाठ दातांनी ओढून.
कोपराच्या खळगीत माझी बधिर बोटं चाचपतात:
हा स्नायू. ही दोरीसारखी, ही नव्हे.
ही –
दबते, उसळते, सरकते.

दारात उग्ने, अनवाणी.
"आई, काय हरवलं?"
"हात दे."
ती देते, कशाला ते न विचारता.
लहान, गरम, झोपेने जड.
मी खिडकीबाहेर बघते.